स्फटिकधारी पान

जिन्यात आमची टक्कर झाली नसती, तर मी सरळ वरच्या मजल्यावर जाऊन मुख्य संपादकांवरच तुटून पडले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

मी दोन-दोन पायऱ्या चढत होते. तो चिठ्ठ्यांनी भरलेला एक लांबट लाकडी खण पोटाशी धरून उतरत होता. वळणावर माझा खांदा खणाला लागला आणि शे-दीडशे चिठ्ठ्या पायऱ्यांवर पसरल्या. एरवी मी जीभ चावून वाकले असते. त्या दिवशी वाकले नाही.

"बघून चालता येत नाही?" मीच उलट म्हणाले.

"बघत होतो," तो म्हणाला. "तुम्ही जरा जोरात येत होतात."

"येणारच. मला एक माणूस शोधायचाय. तुमच्या वनस्पतींच्या पुस्तिकेत 'स्फटिकासारखी' असं लिहिणारा."

चिठ्ठ्या गोळा करता करता त्याचा हात थांबला.

"कुठल्या पानावर?"

"एकाहत्तर. आणि लिहिलंयही पानाबद्दलच. 'या झाडाची पाने स्फटिकासारखी असतात.' कोण आहे हा महाभाग?"

त्याने हातातल्या चिठ्ठ्या नीट जुळवल्या, खणात ठेवल्या आणि उभा राहिला. खिशात दोन पेन्सिली, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"मी," तो म्हणाला.

तिथेच, पायरीवर उभी राहून, मी त्याला सगळं ऐकवलं. माझी मावशी बसस्थानकावर घोषणा करते. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते अर्ध्या शहराला तिच्याच तोंडून कळतं. रविवारी ती मला भेटायला उद्यानातल्या काचघरात आली. मी तिथे झाडं सांभाळते. मी आत रोपं बदलत होते, तेवढ्यात हिने शोभेच्या एका ठिपकेदार झाडाच्या पानाचा तुकडा तोडला आणि चघळला. मिनिटभरात जीभ सुजून तोंडात मावेना. दोन दिवस रुग्णालयात काढले. आता घरी आली आहे, पण आवाज नाही. डॉक्टर म्हणतात येईल. कधी ते सांगत नाहीत.

"का खाल्लंस विचारलं, तर तिने कागदावर लिहून दिलं, 'स्फटिकासारखी लिहिलं होतं.' कळलं? तुमच्या शब्दाने तिचा आवाज खाल्ला."

मला वाटलं, आता हा कारणं देईल. मी तयारच होते.

"श्वास नीट घेता येतोय त्यांना?" त्याने विचारलं. "पाणी गिळता येतं?"

"येतं... थोडं थोडं." मला आणखी राग आला. भांडायला आलेल्या माणसाला असं काही विचारतात?

त्याने मला वर नेलं. विज्ञान परिभाषा कार्यालय असं भारदस्त नाव, पण खोली साधी. चार टेबलं आणि भिंतभर तसलेच चिठ्ठ्यांचे खण. त्याने एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने विटांसारखे चौकोन काढले. एका चौकोनात त्याने बारीक रेघांचा जुडगा काढला.

"ही पानातली पेशी. आणि हे तिच्या आतले स्फटिक. सुयांसारखे. पान चावलं की या सुया जिभेत घुसतात. मूळ शास्त्रीय शब्दाच्या शेवटी एक लॅटिन धातू आहे. त्याचा अर्थ बाळगणं, वाहून नेणं. म्हणजे जे स्वतः स्फटिक नाही, पण पोटात स्फटिक घेऊन आहे, ते. मीठ स्फटिकमय असतं, आरपार. स्वच्छ पाणी आपण स्फटिकासारखं म्हणतो, नुसतं दिसण्यावरून. आणि हे पान स्फटिकधारी. भूगर्भवाले खडकालाही हाच शब्द लावतात. फोडला की आत चमचम."

बोलताना त्याचे डोळे असे काही उजळले होते की मी क्षणभर ऐकतच राहिले. मग स्वतःवरच चिडले.

"एवढं कळतं, तर पुस्तिकेत 'स्फटिकासारखी' का छापलंत?"

त्याने काढलेला चौकोन पेन्सिलीने पुन्हा गिरवला.

"चूक झाली आमच्याकडून."

"आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?"

"त्या पानावर सही माझी आहे."

नवी आवृत्ती पुढच्या गुरुवारी छपाईला जाणार होती. शाळाशाळांतून वाटली जाणार होती. लहान मुलांच्या हातात तेच वाक्य, आणि तसलं झाड तर निम्म्या घरांच्या खिडकीत असतं.

"बदला ते," मी म्हणाले.

"त्यासाठी लेखी तक्रार लागते."

"द्या कागद."

मी तिथेच, त्याच्या टेबलावर, त्याच्या पेन्सिलीने तीन पानी तक्रार लिहिली. रागाने टोक तीनदा मोडलं. तिन्ही वेळा त्याने टोक काढून पेन्सिल माझ्यासमोर ठेवली.

*

शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली आणि दारात तो. हातात द्राक्षांची पिशवी, चेहऱ्यावर शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा भाव.

"पत्ता कुठून मिळाला?"

"तुमच्या तक्रारीवर होता."

मी त्याला दारातूनच परतवणार होते. पण मावशी मागून आली, तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि वहीवर लिहून त्याच्या नाकासमोर धरलं. 'बसा.'

तो बसला. मावशीने लिहिलं, 'चहा?' त्याने खिशातून पेन्सिल काढली, वही घेतली आणि खाली लिहिलं, 'नको, धन्यवाद.'

"तिला ऐकू येतं," मी म्हणाले. "फक्त बोलता येत नाही."

त्याचे कान लाल झाले. मावशी आवाज न करता हसली, खांदे गदागदा हलेपर्यंत. आठवड्यात पहिल्यांदा हसली ती. यात आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. हसवायचं काम माझं होतं. मला जमलं नव्हतं आणि हा आगंतुक येऊन पाच मिनिटांत करून मोकळा झाला.

"मी तुमची माफी मागायला आलोय," तो तिला म्हणाला.

मावशीने बराच वेळ लिहिलं. 'मला वाटलं, स्फटिकासारखं पान खाल्लं की आवाजही स्फटिकासारखा होईल. सकाळचा पहिला तास घसा बसतो माझा. वेडी आशा.'

तो हसला नाही. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मीच नजर वळवली. एवढ्यात मावशीने पुढचं पान उलटून लिहिलं, 'लग्न झालंय?'

मी वही हिसकावली.

"नाही," तो म्हणाला. त्याने वाचलं होतं.

फाटकापर्यंत सोडायला मावशीने मला डोळ्यांनीच ढकललं. बाहेर ऊन-सावलीचा खेळ चालला होता. आम्ही दोघंही समोर बघत चाललो.

"तक्रार पोचली का साहेबांकडे?"

"पोचली. माझा उल्लेख सात वेळा आहे त्यात. दोनदा 'बेजबाबदार', एकदा 'ठोंब्या'."

"ठोंब्या खोडलं होतं मी."

"वाचता येत होतं."

मी ओठ घट्ट दाबून धरले. हसले असते तर सगळंच हातून गेलं असतं.

"तुम्हालाही लागू पडतो तो शब्द," तो हळूच म्हणाला.

"ठोंब्या?"

"स्फटिकधारी."

"म्हणजे वरून पान आणि आत सुया?"

"असं मी म्हणालो नाही."

"म्हणणार होतात."

"...हो."

मी फाटक आपटलं. पण जरा हळूच आपटलं, हे मला नंतर जाणवलं.

*

सोमवारी तो काचघरात आला. नवी नोंद लिहायची तर झाड स्वतः बघायला हवं, म्हणाला. छताच्या नळ्यांतून तुषार सुरू होण्याची वेळ होती. मी त्याला सांगणार होते, बाजूला व्हा. सांगितलं नाही. बारीक थेंबांचा पडदा खाली आला आणि तो चष्मा पुसत, भिजलेल्या केसांनी, खुळ्यासारखा उभा राहिला.

"हे रोज असंच?"

"दिवसातून चार वेळा."

"मला आधी सांगितलंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं, पण मग मला मजा आली नसती."

तो हसला. पाण्याचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते आणि मी ते बघत होते... आणि मी ते बघते आहे हे त्याने बघितलं. मी घाईघाईने हातमोजे चढवले आणि कुंडी पुढे ओढली.

"मोजे?" त्याने विचारलं.

"याचा चीक लागला की हात जळजळतात. तीन वर्षं झाली, मोज्यांशिवाय मी याला हात लावत नाही."

तो वही ओली होऊ नये म्हणून मागच्या फळीवर कोरडी जागा शोधू लागला. फळीवर रिकाम्या कुंड्यांच्या मागे पत्र्याची एक पाटी पालथी ठेवलेली होती. ती सरकवताना उलटली.

मी पांढऱ्या रंगाने रंगवलेली पाटी. माझ्या अक्षरात. 'पाने स्फटिकासारखी.'

तो पाटीकडे बघत राहिला. माझा 'फ' ओळखायला सोपा आहे, त्याची शेपटी खाली लांब जाते. तीन पानी तक्रारीत त्याने तो चांगला पाहिला होता.

"हे अक्षर..."

"माझंच," मी म्हणाले. "मीच रंगवली. चाळीस पाट्या एका आठवड्यात हव्या होत्या. उद्यान अधिकारी म्हणाले पुस्तिकेतून उतरवून घ्या, मी उतरवलं. मावशीने पुस्तिका वाचलीच नव्हती. तिने माझी पाटी वाचली. आता म्हणा काय म्हणायचं ते."

माझा आवाज चढत गेला. त्याने पाटी फळीला टेकवून उभी ठेवली.

"मला माहीत होतं हो. रोज मोजे घालत होते. लिहिताना हात अडखळलाही होता. पण वाटलं, छापलेलं आहे, शिकलेल्या माणसांनी लिहिलंय, माझ्यापेक्षा शहाणंच असणार."

"मीही एक सांगायला हवं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी 'स्फटिकधारी' असंच लिहिलं होतं. पुढे ओळ होती, 'तोंडात घालू नयेत.' मुख्य संपादकांनी शब्द बदलला, मुलांना सोपा पडावा म्हणून. आणि जागा पुरेना म्हणून ओळ काढली. छपाईआधीचा कागद माझ्याकडे आला. मी वाचला... आणि सही केली."

"वाचूनही?"

"हो."

"का?"

"वाटलं, वाद नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाद नको? माझी मावशी आठवडाभर वाटीने पेज पितेय, आणि तुम्हाला वाद नको होता? मला निदान कळत नव्हतं की माझं खरं आहे. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठ्यांच्या भिंतीसमोर बसून तुम्ही सगळ्या जगाला शब्दांचे अर्थ सांगता, आणि स्वतःचा एक शब्द तुम्हाला राखता येत नाही?"

"तुमचं खरं आहे."

"माझं खरं आहे असं म्हणू नका. भांडा माझ्याशी. काहीतरी म्हणा."

तो वही उचलून भिजत भिजत निघून गेला. मी पाटी घासायला घेतली. रंग निघेपर्यंत घासली, मग पत्रा चकचकीत होईपर्यंत घासली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

*

बुधवारी संध्याकाळी मावशीच्या घशातून फुटक्या भांड्यासारखा आवाज आला. पहिला शब्द माझ्यासाठी होता. "ठिणगे." ती मला लहानपणापासून ठिणगीच म्हणते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि पाटीचं सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. "अक्षर तुझं... म्हणूनच तर खाल्लं."

याहून जास्त लागेल असं कुणी मला काही बोललं नव्हतं. ती रागाने बोललीच नव्हती. नुसतं खरं सांगितलं.

"उद्या गुरुवार," ती पुढे म्हणाली. "मीही येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या जिन्याने हळूहळू वर गेलो. मुख्य संपादकांच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून कुणीतरी ओरडत होतं. आवाज ओळखायला मला वेळ लागला. या माणसाला ओरडता येत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"नाही करणार मी सही. आठ दिवस झाले, तक्रार तुमच्या टेबलावर आहे. तुम्ही उघडलेलीसुद्धा नाही."

"अरे, 'धारी' मुलांना कळणार आहे का?" संपादकांचा आवाज शांत होता, थकलेला.

"मग कळवू. एक ओळ जास्त लागेल. चित्र लहान करा."

"सही तू नाही केलीस तर दुसरा करील."

"करू दे. पण मग दुसऱ्याने त्या बाईंच्या घरी जावं आणि त्यांच्या वहीतलं वाचावं. मी वाचून आलोय. मागच्या वेळी मला हे ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. परत नाही बसणार."

मावशीने दार ढकललं. आत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ टेबलामागे बसले होते, समोर छपाईचे कागद. तो उभा होता, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला बघून त्याने नजर खाली केली नाही.

"मी... फलाट क्रमांक चारवर..." मावशी सुरुवात करून थांबली. घसा खरवडला, पुन्हा प्रयत्न केला. "रोज सकाळी सव्वासातची गाडी तुम्ही पकडता, माझ्या खिडकीतून दिसता. मला वाटतं, ओळखाल."

संपादक बघतच राहिले. त्यांनी तो आवाज कितीतरी वर्षं ऐकला असणार. आताचा ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"गेला आठवडाभर घोषणा दुसरंच कुणीतरी करतंय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही रजेवर आहात." त्यांनी छपाईचे कागद पुढे ओढले. "पंचवीस वर्षं मी मुलांसाठी सोपं करत आलोय. सोपं करता करता खोटं झालं, हे कळलं नाही."

मग त्यांनी स्वतःच लाल पेन उचललं आणि एकाहत्तराव्या पानावर शब्द खोडला. पुढची ओळ त्याच्याकडून तोंडी घेतली आणि समासात लिहिली.

मावशी खुर्चीत बसली. मी भिंतीला टेकून उभी होते. रागाचं आता काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

*

त्यानंतर दोन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. मी वाट बघत नव्हते. दाराच्या घंटेकडे कान असणं म्हणजे वाट बघणं नव्हे, असं मी मावशीला पटवून देत होते. तिचा आवाज सुधारला होता. पूर्वीसारखा नाही, थोडा खरखरीत झाला, आणि तसाच राहील असं डॉक्टर म्हणाले. बसस्थानकावर ती परत रुजू झाली.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मीच कार्यालयात गेले. त्याच्या टेबलावर दुसराच माणूस होता.

"ते? ते खाली गोदामात," तो म्हणाला. "शब्दकोशाच्या कामावरून काढलंय त्यांना. जुन्या प्रतींत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवायला बसवलंय. साहेबांवर ओरडले ना."

मी तशीच खाली गेले. दुपारचं ऊन गजांतून आत येत होतं. छतापर्यंत पुस्तिकांचे गठ्ठे, आणि मधोमध जमिनीवर मांडी घालून तो. एका हाताला खळीची वाटी.

"सांगितलं का नाही?" मी दारातूनच विचारलं.

त्याने वर बघितलं. "काय?"

"हे. तुमचं काम काढून घेतलं ते."

"सांगितलं असतं तर भांडायला आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"माझ्या भांडणाचं तुम्ही कोण ठरवणार?" मी आत आले, त्याच्यासमोर बसकण मारली आणि एक गठ्ठा ओढला. "आणि ओरडायचं सोडून परत गप्प बसायला लागलात? दोन आठवडे... दोन आठवडे एक निरोप नाही. मला वाटलं, काचघरात बोलले ते मनाला लावून घेतलंत."

"लावून घेतलं होतं. म्हणून तर ओरडलो वर."

मी एकाहत्तरावं पान काढलं, चिठ्ठी चिकटवली, वाकडी बसली. त्याने माझ्या हातातून पुस्तिका घेतली, चिठ्ठी अलगद सोडवली आणि सरळ लावून परत दिली. बोटं लागली. दोघांनीही हात मागे घेतला नाही.

"चिठ्ठ्या पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "महिनाभर तरी पुरतील."

"मला फक्त सुट्टीच्या दिवशी जमेल."

"मग दोन महिने पुरवतो."

मी हसू दाबलं. तो आता माझ्याकडे सरळ बघत होता, आणि त्याच्या गळ्याजवळची शीर त्या दिवशीसारखीच उडत होती.

"मी मघाशी तुला 'तू' म्हणालो," तो म्हणाला. "तू काही बोलली नाहीस."

"माझ्या लक्षात आलं होतं."

"मला... तू आवडतेस. भांडतेस तशीच. हे सांगायला मला एवढे दिवस लागले, कारण तू नाही म्हणालीस तर वाद घालीन एवढं बळ मला आधी गोळा करायचं होतं."

"घालशील वाद?"

"घालीन. रोज येऊन घालीन."

बाहेर कुणीतरी गाडीत गठ्ठे चढवत होतं. मी पुढची पुस्तिका उघडली. पान न शोधताच परत मिटली.

"मी अजून रागावलेली आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"आणि हा राग दोन महिन्यांत जाणारा नाही."

"नको जाऊ दे. पण उत्तर?"

"उत्तर हो आहे," मी म्हणाले. "आता खळीची वाटी इकडे सरकव."